पाडव्याची आंघोळ

“निम्मी बाटली अजून तशीच हाय. प्या की,” मी म्हणाले.

“पितोय. तू माझी बायको हायस का या हॉस्पिटलची?”

मिरजेच्या त्या हॉस्पिटलात किरणांचं मशीन तळघरात होतं. मशीनच्या जाड दाराबाहेर एक लांब बाकडं होतं आणि त्यावर साठीच्या पुढचे पाच-सहा पुरुष ओळीनं बसलेले असायचे. प्रत्येकाच्या मांडीवर पाण्याची बाटली. कुणी कुणाशी बोलत नसे. घोटाघोटानं पाणी प्यायचं आणि दाराकडं बघत राहायचं, एवढंच त्यांचं काम.

त्या मशीनची रीतच उलटी. एरवी दवाखान्यात सांगतात, आधी लघवी करून या. इथं सांगायचे, पाणी पिऊन पिशवी तुडुंब भरा आणि आम्ही बोलवेपर्यंत धरून ठेवा. पिशवी भरलेली असली की आतडं वर सरकतं आणि किरणाचा चटका त्याला लागत नाही, असं डॉक्टर नाडगौडांनी मला समजावून सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून असेल. पण ज्या माणसाची प्रोस्टेटची गाठ कापून काढली आहे आणि गाठीबरोबर धरून ठेवायची ताकदही गेली आहे, त्याला धरून ठेव म्हणणं म्हणजे आंधळ्याला सुईत दोरा ओवायला लावणं. ही प्रोस्टेट म्हणजे सुपारीएवढा अवयव. असून अडचण आणि नसून खोळंबा.

त्या पहिल्या दिवशी यांचा नंबर आला आणि हे उभे राहिले, तेवढ्यात पायजम्यावर ओल पसरली. मशीनवरच्या पोरीनं परत बसायला सांगितलं. “काका, पुन्हा पाणी प्या. घाई नाही.” हे परत बसले. मी यांच्या तोंडाकडं बघायचं टाळलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले.

हे म्हणजे आनंदा झांबरे, तासगाव डेपोचे एसटी ड्रायव्हर. रिटायर होऊन तीन-चार वर्षं झाली होती, तरी गावात अजून ‘आनंदा ड्रायव्हर’ हीच ओळख. यांची एक गोष्ट डेपोत दंतकथेसारखी सांगत. तासगावहून मुंबईची गाडी काढली की जेवणाचा थांबा सोडून हे कुठं उतरत नसत. कंडक्टर चहाला उतरो, पॅसेंजर झाडामागं पळोत, हे स्टिअरिंग धरून बसलेले. “आनंदादादाच्या पोटात डिझेलची टाकी हाय,” असं कंडक्टर लोक म्हणायचे आणि हे मिशीतल्या मिशीत हसायचे. त्या माणसाला आता चहाचा एक कप सांभाळता येईना. देवाला थट्टा करायची असली की तो माणसाची नेमकी दुखरी जागा शोधतो, हे मी तेव्हा शिकले.

ऑपरेशन आधीच्या वर्षी सांगलीला झालं होतं. कॅन्सरची गाठ निघाली, आता चिंता नाही, असं म्हणून आम्ही घरी आलो. रक्ताचा एक रिपोर्ट दर तीन महिन्यांनी करायचा, पीएसए म्हणतात त्याला. गाठच नाही म्हटल्यावर तो आकडा शून्याजवळ राहायला हवा. तसा तो राहिलाही आणि मग हळूहळू वर चढू लागला. तेव्हा आम्हाला मिरजेला डॉक्टर नाडगौडांकडं पाठवलं.

नाडगौडा स्पष्ट बोलणारा माणूस. म्हणाले, “झाड तोडलंय, पण मूळ थोडं राहिलंय. आत्ता किरण दिले तर ते जळेल. थांबलो आणि ते हाडात उतरलं, तर मग मी फक्त दिवस लांबवू शकेन, बरं करू शकणार नाही.”

हे सगळं ऐकून यांनी एकच विचारलं. “ही गळती थांबंल का त्यानं?”

“नाही थांबणार, काका. खोटं कशाला सांगू? कदाचित थोडी वाढेलसुद्धा.”

घरी आलो. दारात चप्पल काढताना हे म्हणाले, “नगं ते. हाय तेवढं बास झालं.” मग मी रडले, पुण्याहून आमची लेक वैजू फोनवर रडली, आणि दोन बायकांच्या रडण्यापुढं कुठला ड्रायव्हर टिकतो? “तुमचा जीव जातोय म्हणून जातो,” म्हणाले. आठवड्यातले पाच दिवस, दीड महिना रोज मिरज. त्यात एकही खाडा नको, असं नाडगौडांनी बजावलं होतं.

पहिला आठवडा मी बरोबर गेले. त्यानंतर यांनी मला घरी ठेवलं. “तू शेजारी बसून माझ्या पायजम्याकडं बघतीस. मला एकट्याला जमतंय.” मी बघत नव्हते, पण न बघणंही त्यांना दिसत असणार. मग मी नाद सोडला.

खरं सांगायचं तर ऑपरेशन झाल्यापासून हे घरात असून नसल्यासारखे झाले होते. पुढच्या खोलीत खाट टाकून तिथं वेगळे झोपायचे. ज्या माणसानं उभ्या संसारात स्वतःचा बनियन कधी स्वतः शोधला नाही, तो पहाटे उठून आपले कपडे आपण धुवायला लागला. वापरलेले पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून मी उठायच्या आत कोपऱ्यावर टाकून यायचे. न्हाणीला आतून कडी. मी पाठीला बाम लावते म्हटलं तरी “राहू दे, कशाला” म्हणायचे. मला वाटायचं ओरडून सांगावं, अहो, मी तुमची बायको आहे, शेजारीण नव्हे. पण यांच्या अंगात जेवढी लाज होती तेवढं धाडस माझ्या अंगात नव्हतं. संध्याकाळी दोघं दोन खोल्यांत बसायचो आणि मधल्या दारातून टीव्हीचा आवाज जायचा-यायचा. मला फार एकटं वाटायचं.

अशातच दिवाळी आली.

आमच्याकडं पाडव्याला नवऱ्याला बायकोनं तेल-उटणं लावून न्हाऊ घालायचं आणि मग ओवाळायचं. सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, वर्षभर नवरा-बायको किती का भांडेनात, पाडव्याला सगळं तेलाबरोबर धुऊन जातं. पण एसटीवाल्याच्या घरात कसला पाडवा? दिवाळीला सगळं जग गावाला निघतं आणि जादा गाड्यांवर जादा ड्यूट्या लागतात. माझं उटणं कालवून वाळून जायचं आणि हे कुठंतरी मुंबईच्या वाटेवर घाटात असायचे. कधीमधी दुपारी उशिरा यायचे, धुळीनं माखलेले, तेव्हा मी तसंच शिळं उटणं लावायचे. रिटायर झाल्यावर मी म्हटलं, आता दर पाडवा माझा. दोन-तीन वर्षं ती हौस फिटलीही. मग ऑपरेशन झालं, आणि त्या दिवाळीत यांनी आतून कडी लावून एकट्यानंच आंघोळ उरकली. मी बाहेर तेलाची वाटी घेऊन उभी होते. वाटी तशीच देवापुढं ठेवली आणि चुलीपुढं जाऊन बसले.

या वर्षी मी ठरवलं, काय व्हायचं ते होऊ दे. लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज, तीन दिवस मशीन बंद होतं, त्यामुळं मिरजेला जायचं नव्हतं. पहाटे बंब पेटवला, तेल कोमट केलं, दुधात उटणं कालवलं. हे टॉवेल घेऊन न्हाणीत शिरले आणि दार लोटणार, तेवढ्यात मी मध्ये पाय घातला.

“अगं, पाय चिरडंल.”

“चिरडू द्या. मग दोघं मिळून लंगडत मिरजेला जाऊ.”

“मालन, उगंच हट्ट करू नगं. मला जमतंय माझं.”

“तुमास्नी जमतंय ते दिसतंय मला. मला जमंना झालंय, त्याचं काय?”

हे बघत राहिले. मी इतकं उघड कधी बोलले नव्हते. माझं मलाच आश्चर्य वाटलं. यांनी दारावरचा हात काढला आणि टॉवेल कमरेला घट्ट गुंडाळून पाटावर बसले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे मान खाली घालून.

डोक्याला तेल घातलं. मान, खांदे, पाठ. पाठ किती उतरली होती! शर्टात कळायचं नाही. स्टिअरिंग फिरवून फिरवून ज्या दंडांना गाठी आल्या होत्या, तिथं आता कातडं सैल लोंबत होतं. मी बोलत राहिले, गप्प बसले असते तर रडले असते. वैजूनं फराळाचं काय पाठवलं, शेजारच्या शिरोट्यांची चकली कशी मऊ पडली, असलं काहीबाही. हे हूं हूं करत होते. हळूहळू खांदे सैल झाले.

“टॉवेल सोडा,” मी म्हणाले.

“तेवढं राहू दे.”

“पाडव्याला अर्धी आंघोळ घालतात व्हय? सोडा.”

मग टॉवेलची गाठ त्यांनीच सोडली.

ऑपरेशननंतर मी यांना पहिल्यांदाच असं बघत होते. बेंबीखाली वळासारखा व्रण होता, आणि पोटावर अन् दोन्ही कुशींना, कमरेच्या हाडाजवळ, जांभळ्या शाईच्या रेघा होत्या. अधिकच्या चिन्हासारख्या, त्यांच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावलेली.

“हे काय?”

“मशीनवाल्यांनी पेनानं काय काय केलंय.”

“अंगावर? त्यांना कागद मिळंना व्हय?”

मी तेलाचा हात फिरवला, तशी पट्टी कडेनं सुटायला लागली. उटणं घेतलं आणि चोळायला सुरुवात केली. वैजू लहान असताना शाळेतून हातापायाला शाई फासून यायची, तशीच मी ती काढत होते. यांनी बादलीची कड धरली.

“मालन...”

“काय?”

माझा हात त्यांच्या कुशीवर होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, समोरच्या भिंतीकडं बघत होते.

“काय न्हाय,” म्हणाले. “चोळ.”

मी चोळलं. तिन्ही जागा अगदी लख्ख केल्या. मग तांब्यातांब्यानं पाणी घातलं. मध्येच पाटाखालून जरा वेगळ्या रंगाचं पाणी वाहिलं. यांचं अंग ताठ झालं ते माझ्या हाताला कळलं. मी लगेच दुसरा तांब्या घातला, मग तिसरा, आणि मोरीतून सगळं वाहून गेलं. हे तोंडावर दोन्ही हात दाबून बसले होते. डोळ्यांत साबण गेला, म्हणाले. साबण अजून घेतलाच नव्हता.

ओवाळताना यांनी ताटात गजरा टाकला. आदल्या दिवशीच आणून ठेवला होता म्हणे. दुपारी जेवण झाल्यावर हे पुढच्या खोलीत न जाता आत आले आणि माझ्या शेजारी आडवे झाले. मी भिंतीकडं तोंड करून पडले होते. यांचा हात माझ्या दंडावर आला आणि तिथंच राहिला. मी झोपेचं सोंग घेतलं. हललं तर हात जाईल, अशी भीती वाटत होती. त्या दुपारइतकी सुखी मी त्या दोन वर्षांत एकदाही नव्हते.

भाऊबीज झाल्यावर मी डबा भरायला घेतला तर हे म्हणाले, “डबा नगं. संपलं माझं मिरजंचं.”

“संपलं कसं? अजून तर बरंच राहिलंय.”

“डॉक्टरच म्हणाले. चांगला गुण आलाय, पुढचं घ्यायला नगं.”

आता कुठल्या शहाण्या बाईनं हे खरं मानलं असतं? पण मला खरं मानायचं होतं. माणूस आतल्या खोलीत परत आला होता, सकाळी चहा पिताना डेपोतल्या गोष्टी सांगत होता. मी वैजूला फोन केला, देवापुढं साखर ठेवली, शिरोट्यांच्या सुनेला बोलावून लाडू दिले. आनंदात माणसाला हिशेब सुचत नाही.

मग चार-पाच दिवसांनी फोन आला. मशीनवरची पोरगी बोलत होती. “झांबरे काकांना बरं नाही का? दिवाळीपासून आलेच नाहीत. काकू, मध्येच सोडू नका हो. अर्धवट सोडलं तर घेतलेलंही वाया जातं. सर रोज विचारतात.”

मी फोन ठेवला. हे परसात सायकल पुसत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

“मिरजंचा फोन आला होता.”

फडकं थांबलं. पण वर बघितलं नाही.

“मराचंय का तुमास्नी?” मी ओरडले. शेजारी ऐकतील याचं भान नव्हतं. “तोंडावर खोटं बोललासा! मी देवापुढं साखर ठेवली! लाडू वाटलं!”

हे सायकलचं एकच नळकांडं पुन्हा पुन्हा पुसत राहिले. शेवटी मी फडकं हिसकावून घेतलं, तेव्हा बोलले. “गाडीत सीट भिजली.”

“काय?”

“दिवाळीच्या आधी. मिरजंला पोचायच्या आत पाणी प्यायला लागतंय, तिथं जाऊन प्यालं की उशीर हुतोय. त्या दिशी गाडी मधीच बंद पडली, अर्धा तास. मला धरवंना. कंडक्टर म्हंजी आपला महिपती. माझ्या हाताखाली तयार झालेला. त्यानं बघितलं. पॅसेंजर बसाय लागला तर त्याला म्हणाला, तिथं बसू नगा, पाण्याची बाटली सांडलीय. आणि स्वतःच्या फडक्यानं सीट पुसली. मला म्हणाला, असू दे दादा.” यांचा आवाज चिरकला. “असू दे दादा म्हणाला मला.”

मी खाली त्यांच्याशेजारी बसले. रागाचं काय झालं कळलंच नाही. यांच्या जागी मी असते तर मीही गेले नसते, असं वाटून गेलं. पण नाडगौडांचं ते हाडात उतरण्याचं बोलणं कानातून जाईना. लाज राखायला माणूस घालवायचा, असला व्यवहार मला जमणारा नव्हता.

“उद्यापासनं मी येते संगं,” मी म्हणाले. “तुमच्या शेजारी बसते. सीट भिजली तर माझी भिजली म्हणून सांगीन. सांगीन, म्हातारीला दम निघत न्हाय.”

“काय बी बोलतीस.”

“का? बायकास्नी कुठं डेपोची अब्रू राखायची असती?”

तेव्हा हे हसले. मिशी हलली नुसती, पण हसले. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो.

त्या दिवशी मशीनवरची पोरगी यांना आत घेऊन गेली आणि लगेच बाहेर आली. डॉक्टरांना बोलावलं. थोड्या वेळानं नाडगौडांनी आम्हा दोघांनाही आपल्या खोलीत बसवलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

“काका, खुणा कुठं गेल्या?”

मला काही कळेना. कसल्या खुणा?

“काकू, तुम्हाला यांनी सांगितलं नसेल, म्हणून सांगतो. यांच्या पोटावर आणि दोन्ही बाजूंना आम्ही रेघा आखल्या होत्या. त्या रेघांवर मशीन जुळवतो. केसभर इकडं-तिकडं झालं तर किरण भलतीकडं जातात. पहिल्याच दिवशी यांना बजावलं होतं, तिथं तेल नको, साबण नको, घासायचं तर मुळीच नाही. काका, सांगितलं होतं का नाही?”

“सांगितलं हुतं.”

“मग?”

मी माझ्या तळहातांकडं बघितलं. कोमट तेल, जांभळी शाई, सुटत आलेली पट्टी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तोंड उघडलं, तोच टेबलाखाली यांनी माझ्या पावलावर पाऊल ठेवलं आणि दाबलं. क्लच दाबावा तसं, जोरानं.

“माझ्याच हातनं झालं, डॉक्टर,” हे म्हणाले. “आंघोळीत ध्यानात राहिलं न्हाय. हिला काय म्हाईत न्हाय.”

नाडगौडांनी सुस्कारा टाकला. “बरं. खुणा पुन्हा आखता येतात. परत स्कॅन करू, सगळं मोजमाप नव्यानं होईल. त्यात अजून काही दिवस जाणार. खंड पडायला नको होता, पण पडलाय. आता तरी सोडू नका.”

या खंडानं किती बिघडलं, ते मला कधी कळलं नाही. किरण पुढं पूर्ण झाले. मी रोज बरोबर गेले. यांना आणखी पाच वर्षं मिळाली, त्यातली चार बरी गेली. मग पाठ दुखायला लागली, आणि तो आजार डॉक्टरांनी सांगितला होता तसाच हाडात उतरला. शेवटच्या दिवसांत वैजूनं नाडगौडांना विचारलं, तेव्हा खंड पडला होता म्हणून का हो, असं. ते म्हणाले, तसं कुणालाच सांगता येणार नाही. चांगला माणूस. खोटं बोलून आमचं समाधान करणं त्यांना सहज जमलं असतं.

पण त्या दिवशी यातलं काहीच पुढं दिसत नव्हतं. स्कॅनसाठी बाहेर त्या बाकड्यावर थांबायला सांगितलं होतं. शेजारचा एक म्हातारा आत गेला आणि आम्ही दोघंच उरलो. मला रडायला येत होतं आणि यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

“तुमास्नी ठावं हुतं,” मी म्हणाले. “त्या न्हाणीत. मी चोळत हुते तवा.”

“व्हय.”

“मग ते सीट भिजली म्हणून सोडलं, ते खोटं?”

“सीट भिजली ते खरं हाय. पर त्याच्या दुसऱ्या दिशीबी मी गेलोच की. पाडव्यानंतरबी जाणार हुतो. खुणा गेल्यावर कुठल्या तोंडानं जाऊ? त्यांनी इचारलं असतं, कुणी पुसल्या. आज ना उद्या तुझ्या कानावर आलं असतं. मग तू जन्मभर सवताला खात बसली असतीस.”

“परत आखत्यात त्या. आत्ताच म्हणाले न्हवं डॉक्टर?”

“मला कुठं ठावं हुतं ते? मला वाटलं, खुणा गेल्या म्हंजी सगळंच गेलं. आता पुन्यांदा कोण करतंय.”

मी यांच्याकडं वळून बघितलं. “सगळंच गेलं असं वाटत हुतं? आणि तरी गप बसलासा?”

हे हाताची बोटं एकमेकांत अडकवून बसले होते. त्या भल्यामोठ्या हातांवर निळ्या शिरा वर आल्या होत्या.

“एका शब्दानं सांगायचं हुतं,” मी म्हणाले. आता डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि मी ते पुसत नव्हते. “थांब म्हणायचं हुतं. तिथल्या तिथं मी हात काढून घेतला असता.”

“म्हणूनच न्हाय सांगितलं,” हे म्हणाले, आणि आतून नाव पुकारलं तसे उठून गेले.